तुझं दूध कमी नाही, तिला ते ओढता येत नाही

'मावशी, माझी मुलगी १९ दिवसांची आहे. ओठ आणि टाळू, दोन्ही दुभंगलेले. एकेक तास अंगावर पाजते तरी ती रडतच राहते, दूध नाकातून बाहेर येतं. जन्मली तेव्हा २ किलो ८०० ग्रॅम होती, परवा अंगणवाडीत २ किलो ६५० भरली. मला दूधच कमी आहे का? सासूबाई म्हणतात, सातव्या महिन्यात ग्रहणात मी भेंडी चिरली म्हणून असं झालं. बारसंही ऑपरेशननंतरच करू म्हणतात. मी तिचं तोंड पदराखाली झाकून बसते. — एक आई, सोलापूर जिल्हा'

पोरी, आधी वजनाचं बोलू. बाकीचं थांबेल, हे थांबणार नाही. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतंच, पण दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर परत यायला हवं. तुझी लेक १९ दिवसांची होऊनही दीडशे ग्रॅमनं मागे आहे. म्हणजे तिचं पोट भरत नाही. उद्या सकाळीच तिला बालरोगतज्ज्ञांकडे घेऊन जा. ती मलूल वाटली, पाजताना निळी पडली, धाप लागली किंवा दिवसभरात लंगोट जेमतेम ओले झाले, तर सकाळचीही वाट पाहू नकोस.

आता तुझा प्रश्न. दूध कमी आहे असं तुझ्या पत्रात मला कुठंच दिसत नाही. चिरलेल्या नळीनं शहाळ्याचं पाणी ओढून बघ. कितीही जोर लावला तरी हवाच येते. टाळूला फट असली की बाळाच्या तोंडाचं तसंच होतं. तोंड आणि नाक यांच्यात पडदाच नाही, मग ओढ कुठून लागणार? नुसता ओठ दुभंगलेला असेल तर बरीच बाळं अंगावर नीट पितात. टाळूसुद्धा उघडी असेल तर बहुतेकांना ते जमत नाही. त्यात तुझी काही चूक नाही, आणि तिचीही नाही.

म्हणून तासभर झगडणं आजपासून बंद कर. त्या तासात पोटात जातं त्याहून जास्त ती दमण्यात घालवते. दूध हातानं पिळून काढ आणि बोंडल्यानं पाज. हो, तेच आपलं जुनं बोंडलं, चोचीची छोटी वाटी. घरात नसेल तर आजीच्या ट्रंकेत बघ, नाहीतर भांड्यांच्या दुकानात मिळेल. प्रत्येक वेळी उकळून घे. दूध दर दोन-तीन तासांनी काढायचं, रात्रीसुद्धा, नाहीतर ते खरंच आटायला लागेल.

पाजताना तिला आडवी ठेवायची नाही. जवळजवळ बसती धर, डोकं तुझ्या कोपरावर. बोंडल्याची चोच खालच्या ओठावर टेकव, गालाच्या बाजूला, जिकडे फट नाही तिकडे. थोडंसं सोड, गिळलं की मग पुढचं. नाकातून दूध आलं तर घाबरू नकोस. थांब, तिला जरा पुढे वाकव, नाक पूस, परत सुरू कर. अशी बाळं हवा फार गिळतात, म्हणून मध्येमध्ये ढेकर काढ. सगळं अर्ध्या तासात आटपायला हवं. तिच्या वजनाला दिवसाचं साधारण ४०० मिली दूध लागतं, म्हणजे आठ वेळा पाजलं तर दर वेळी ५० मिली. नेमकं माप डॉक्टर सांगतील, आणि पहिल्यांदा त्यांच्या किंवा नर्सच्या समोरच पाज. शहरात दाबून दूध सोडायच्या खास बाटल्याही मिळतात. परवडली तर घे, नाही तर बोंडलं पुरे. पोट भरल्यावर तिला खुशाल छातीशी धर, चोखू दे. ती ऊब तिलाही हवी आणि तुलाही.

आपल्याकडे टाळू म्हटलं की आज्या तेलाची वाटी घेऊन बसतात. डोक्यावरची टाळू वेगळी, तोंडातली वेगळी. नाकात तेलाचा एक थेंबही घालू देऊ नकोस, ते छातीत उतरू शकतं. पाणी घातलेलं गाईचं दूध, मध, गुटी, काहीही नको.

सासूबाईंना शांतपणे एवढं सांग. बाळाचा ओठ गरोदरपणाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, टाळू सहाव्या ते नवव्या. सातव्या महिन्यात तू भेंडी चिरलीस तेव्हा जे व्हायचं ते कधीच होऊन गेलं होतं. आणि ग्रहण कोणत्याही महिन्यात असो, विळीचा आणि बाळाच्या ओठाचा संबंध नाही. जगात साधारण ७०० बाळांमागे एक असं जन्मतं, ग्रहण न पाळणाऱ्या देशांतसुद्धा. त्या घाबरल्या आहेत म्हणून बोलतात. उद्या दवाखान्यात त्यांनाच बरोबर ने आणि बोंडलं त्यांच्या हातात दे. बोंडल्याची सवय त्यांच्या पिढीला आपल्यापेक्षा जास्त.

ओठाचं ऑपरेशन साधारण तीन ते सहा महिन्यांत करतात, टाळूचं नऊ ते अठरा महिन्यांत. त्याआधी तिचं वजन आणि रक्त चांगलं असावं लागतं, म्हणून आजचं हे पाजणं हीच ऑपरेशनची तयारी. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या व्यंगावरचे उपचार मोफत आहेत. आशाताईंना सांग, त्या जिल्हा रुग्णालयाचा रस्ता दाखवतील. तिचे कानही तपासून घे. अशा बाळांच्या कानात पाणी साठतं आणि कमी ऐकू येतं.

बारशाचं मात्र मी तुझ्या बाजूनं भांडेन. १९ दिवस झाले, त्या पोरीला अजून नाव नाही! ओठ शिवायला वेळ आहे, नावाला कशाला? पाळणा बांधा, चार बायका बोलवा, आणि पदर बाजूला कर. लोक बघतील, विचारतील. तू सांग, जन्मतः आहे, ऑपरेशन होणार आहे.

आठवड्यानं तिचं वजन मला कळव. आणि नाव काय ठेवलंत तेही.