वाचकांचे प्रश्न : पन्नाशीनंतरचा योगाभ्यास

प्रश्न : मी बावन्न वर्षांची असून बँकेत नोकरी करते. दिवसाचे आठ तास खुर्चीवर जातात आणि संध्याकाळपर्यंत कंबर धरते. रक्तदाबाची एक गोळी गेल्या वर्षीपासून सुरू आहे. मैत्रिणी योगवर्गाला बोलावतात, पण मला वाकून पायाचे अंगठेदेखील धरता येत नाहीत. या वयात सुरुवात करावी का? आणि केली, तर गोळी बंद होईल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : गोळी स्वतःहून बंद करू नका. नियमित योगाभ्यासाने रक्तदाब काही अंशी उतरतो असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. परंतु ही घट बहुधा माफक असते आणि सर्वांना सारखी मिळत नाही. काही महिने घरी रक्तदाब मोजून त्याच्या नोंदी ठेवा. त्या पाहून औषधाचे काय करायचे ते तुमचे डॉक्टर ठरवतील.

अंगठे धरता न येणे ही मात्र अडचण मानू नका. बैठ्या कामाने मांडीच्या मागचे आणि जांघेतले स्नायू आखडतात, ओटीपोटाचे स्नायू शिथिल पडतात आणि त्याचा ताण कमरेवर येतो. म्हणून तुमचा अभ्यास याच जागांपासून सुरू व्हायला हवा. पतंजलींच्या योगसूत्रांत आसनांसाठी अवघी तीन सूत्रे आहेत आणि त्यांतले पहिले सूत्र आसन स्थिर व सुखकर असावे एवढेच सांगते. किती वाकावे याचा तेथे उल्लेखही नाही. ज्यांचे शरीर वळत नाही त्यांच्यासाठी योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांनी पुण्यात पट्टे, लाकडी ठोकळे, खुर्च्या, दोर आणि तक्के यांचा वापर करून आसने बसवली. लहानपणी ते स्वतः मलेरिया, विषमज्वर आणि क्षयाने खंगलेले होते, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. त्याच्याही आधी, 1924 साली, स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंशोधन संस्था स्थापन केली आणि उड्डियान व नौली या पोट आत खेचण्याच्या व फिरवण्याच्या क्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो हे क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासले. तेव्हा योगाविषयी डॉक्टरांशी बोलण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. योग विज्ञानाच्या कसोटीवर तपासण्याची परंपरा आपल्याकडे शंभर वर्षांची आहे.

प्रत्यक्षात भिंतीला पाठ लावून ताडासन, खुर्चीच्या पाठीवर हात टेकून पाठ सरळ ठेवत कमरेतून अर्धे वाकणे, हात-गुडघे टेकून पाठ वर-खाली करण्याचे मार्जारासन, पालथे पडून छाती थोडीच उचलून भुजंगासन, उताणे पडून कंबर उचलण्याचे सेतुबंधासन आणि शेवटी शवासन इतके पुरे. सकाळी डबा, गाडी आणि घाई यांत जमत नसेल तर संध्याकाळी करा, मात्र जेवणानंतर तीन-चार तास गेलेले असावेत. श्वास रोखून धरू नका. उच्छ्वास श्वासापेक्षा थोडा लांब ठेवा. कमरेची कळ पायात उतरत असेल किंवा पायाला मुंग्या येत असतील, तर आसनांपूर्वी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. पहिले काही आठवडे जाणत्या शिक्षकांसमोर केलेले बरे, कारण भ्रमणध्वनीच्या पडद्यावरची शिक्षिका तुमचे गुडघे पाहू शकत नाही. आठवड्यातून एकदा दीड तास करण्यापेक्षा रोजची वीस मिनिटे अधिक उपयोगी पडतात. 21 जूनला, योगदिनी, मैदानभर सतरंज्या पसरणारे पुष्कळ असतात. जुलैत किती उरतात, ते प्रत्येक वर्गाचे शिक्षक जाणतात. कमरेतला फरक साधारणतः आधी जाणवतो, रक्तदाबातला उशिरा, त्यामुळे पहिल्या महिन्यातील नोंदी पाहून निराश होऊ नका.

प्रश्न : वडील अडुसष्ट वर्षांचे आहेत आणि तरुणपणापासून शीर्षासन करतात. आता काचबिंदूचे निदान झाले आहे. त्यांनी ते चालू ठेवावे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : नाही. शीर्षासनात डोळ्यातील दाब जवळपास दुप्पट होतो आणि काचबिंदूत नेमका हा दाबच आटोक्यात ठेवायचा असतो. सर्वांगासन, हलासन, अधोमुख श्वानासन अशी डोके खाली जाणारी इतर आसनेही त्यांनी वगळावीत. बसून आणि उभ्याने करायची बहुतेक आसने, तसेच श्वास न रोखता केलेला अनुलोम-विलोम, नेत्रतज्ज्ञांना विचारून चालू ठेवता येईल. इतक्या वर्षांची सवय सोडणे त्यांना जड जाईल, म्हणून ही गोष्ट तुमच्यापेक्षा नेत्रतज्ज्ञांनीच त्यांना समोर बसवून सांगितलेली अधिक बरी.