पोती 200, माणसं 400

प्रश्न : काका, मी खानापूर तालुक्यातल्या एका पीकेपीएसचा, म्हणजे गावच्या शेती पतसोसायटीचा, नवा चेअरमन. भाताची नट्टी (रोपांची लावणी) सुरू झाली की युरियाला पहाटेपासून रांग. परवा पोती 200 आली, दारात माणसं 400. मागणी दुप्पट करून पाठवली, तरी शिव्या मलाच. सेक्रेटरी म्हणतात डीलर चोर, डीलर म्हणतो वरूनच माल नाही. नेमकं कुणाला धरू?

उत्तर : चेअरमनसाहेब, सध्या कुणालाच धरू नका. आधी सांगा, त्या 400 जणांचं मिळून भात किती एकर? तुमच्या पत्रात तोच आकडा नाही.

मी 19 वर्षं अशाच सोसायटीत सेक्रेटरी होतो. एका पावसाळ्यात घाबरून दुप्पट मागणी टाकली. आठ दिवस काही आलं नाही, म्हणून परत टाकली. सगळा माल आला तो गणपतीनंतर, भात पोटरीत असताना. पोत्यांनी ओल धरली, दगड झाले. त्या वर्षीच्या जनरल मीटिंगचं विचारू नका.

अमेरिकेत एमआयटी विद्यापीठात प्राध्यापक जे फॉरेस्टर यांच्या मंडळींनी 1960 च्या सुमारास याच दुखण्याचा खेळ बनवला, बिअरच्या धंद्यावर. (आमच्या घरात माळकरी, मी ताक म्हणून सांगतो.) दुकानदार, ठोक व्यापारी, वितरक, कारखाना. गिऱ्हाइकाची मागणी एकदाच 4 वरून 8 वर जाते आणि तिथंच राहते. पण माल यायला आठवडे लागतात. तेवढ्यात जो तो मागचं येणं विसरून वाढवून मागतो. आधी ठणठणाट, मग पाय ठेवायला जागा नाही. शेवटी चौघंही एकमेकांना दोष देतात. तुमचा सेक्रेटरी आणि डीलर तेच करताहेत.

युरियाचा भाव सरकारनं बांधलेला, 45 किलोचं पोतं 266 रुपये 50 पैसे. मागणी वाढली तरी भाव चढत नाही, रांग चढते. आणि रांग बघून, ज्याला महिन्यानं लागणार तोही आजच दोन पोती उचलतो.

दारावर फळा लावा. गोदामात किती, वाटेवर किती, कधी मागवलेली. नट्टीच्या तारखा घ्या. ज्याची रोपं आधी लागली त्याला आधी. युरिया हप्त्यानंच द्यायचा असतो, तुमच्याकडच्या पावसात एकदम टाकलेला ओढ्याला जातो. म्हणून दुसऱ्या हप्त्याचं पोतं आज देऊ नका, तारखेची चिठ्ठी द्या. ती चिठ्ठी एकदा जरी खोटी ठरली तर पहाटेची रांग परत आलीच समजा. नवी मागणी लिहिताना वाटेवरचा माल वजा करा. मी नेमकं हेच केलं नव्हतं.

खताची रेकच (मालगाडी) कमी आली तर फळा काही पोती घालणार नाही. मग तेही फळ्यावर लिहा. आणि तुमच्या स्वतःच्या शेताची तारीखही तिथंच असू द्या. लोक आधी तीच वाचणार.