सिम पीन आणि पीयूके म्हणजे काय? माझा फोन अचानक पीयूके मागतोय

आधी एक, अंदाजे आकडे टाकत बसू नका प्लीज. सिम पीन म्हणजे स्क्रीन लॉक नव्हे, तो खुद्द सिमकार्डाचा लॉक, म्हणजे चोरानं सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं तरी पीन मागणारच, आणि बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येतात म्हणून मला तरी हा लॉक फार महत्त्वाचा वाटतो. पीन ३ वेळा चुकला की सिम ८ आकडी पीयूके (लॉक झालेलं सिम परत उघडायचा कोड) मागतं, तोही १० वेळा चुकला की सिम कायमचं बाद, मग नवीनच घ्यावं लागतं (नंबर तोच मिळतो). सिम ज्या प्लास्टिक कार्डातून तोडून काढतो त्यावर बऱ्याचदा पीयूके छापलेला असतो, ते शोधा, नाहीतर दुसऱ्या फोनवरून कस्टमर केअरला विचारा.