फॉर्म दिसतो, पण बोलत नाही

प्रश्न : आमच्या भजनी स्पर्धेच्या नावनोंदणीचा फॉर्म मी हौसेने एचटीएमएलमध्ये (वेबपानाच्या भाषेत) बनवला. प्रत्येक चौकटीवर नाव लिहिलंय, तरी आमच्या अंध पेटीवादकांना फोन ते वाचून दाखवत नाही. शिवाय आयफोनवर चौकटीला बोट लावलं की पान फुगतं. – एक वाचक, डिचोली

उत्तर : पेटीवादकांची अडचण आधी सोडवा. उदाहरणार्थ, चौकटीवरचा ‘गाव’ हा शब्द तुम्ही बहुधा साध्या डिव्हमध्ये (पानावरच्या नुसत्या कप्प्यात) ठेवला असेल. डोळ्यांना तो चौकटीचा वाटतो, ब्राउझरला नाही. तो लेबल टॅगमध्ये (चौकटीचं नाव सांगणाऱ्या खुणेत) घाला. लेबलचा ‘फॉर’ (ते कुठल्या चौकटीसाठी) आणि इनपुटचा, म्हणजे चौकटीचा, ‘आयडी’ (तिची ओळख) अक्षरशः एकच हवा. कॉपी-पेस्टच्या नादात दोन चौकटींना एकच आयडी जातो, मग दोन्ही लेबलं पहिल्याच चौकटीला चिकटतात. तपासायला ‘गाव’ शब्दावरच बोट ठेवा. कर्सर त्याच चौकटीत गेला पाहिजे. नाव चौकटीच्या आत प्लेसहोल्डर (फिकट सूचक मजकूर) म्हणून ढकलू नका, टाइप करताच ते गायब होतं.

आयफोनवरची सफारी १६ पिक्सेलपेक्षा बारीक अक्षर दिसलं की झूम करते. बॉडीला, म्हणजे सगळ्या पानाला, १६ देऊन भागत नाही, कारण चौकटी तो आकार आपोआप घेत नाहीत. म्हणून इनपुट, सिलेक्ट (निवडयादी), टेक्स्टएरिया (मोठी चौकट) तिघांनाही सीएसएसमध्ये (पानाच्या सजावटीच्या नियमांत) ‘फॉन्ट: इनहेरिट’, म्हणजे ‘पानाचाच फॉन्ट घे’, असं द्या. झूमच बंद करण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. कमी दिसणाऱ्यांना तोच तर आधार असतो.

आणि मोबाइल क्रमांकाच्या इनपुटला ‘नंबर’ नव्हे, ‘टेल’ (टेलिफोन) हा प्रकार द्या.