आर्थर रायडरच्या इंग्रजी पंचतंत्रात सिंहाचं नाव ‘रस्टी’ का आहे? नऊ वर्षांच्या मुलीला ते वाचायला द्यावं का?

सिंहाचं नाव रायडरनं बदललेलं नाही, अर्थासकट इंग्रजीत नेलंय. पिंगलक म्हणजे पिवळसर तांबूस, गंजलेल्या लोखंडासारखा, म्हणून ‘रस्टी’. तसाच संजीवक बैल ‘लाइव्हली’ आणि दमनक कोल्हा ‘व्हिक्टर’. मूळ संस्कृत ऐकणाऱ्याला नावातूनच प्राण्याचा स्वभाव कळायचा. ते इंग्रजी वाचकालाही मिळावं म्हणून त्यानं हे केलं, आणि मला ते मनापासून पटतं.

तरी आपल्या मुलांना मूळ नावं सांगाच. मी खानापूरचा. बेळगावात इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या माझ्या भाचीला हे पुस्तक वाचून दाखवत होतो. कासवाचं नाव ‘स्लो’ आलं तशी ती म्हणाली, “मामा, हे काय नाव झालं?” मी मंथरक सांगितलं, मंथर म्हणजे हळू चालणारा. तिनं ते दिवसभर घोळवलं. शेजारच्या कन्नड अज्जींनी त्यात ‘आमे’ची, म्हणजे कासवासाठीच्या कन्नड शब्दाची, भर घातली. आपल्या सीमाभागात हे सहज जमतं, ते सोडू नका. कन्नडात तर दुर्गसिंहानं अकराव्या शतकातच पंचतंत्र आणलं होतं.

आता पुस्तक द्यावं का? हातात देऊन मोकळं होऊ नका, शेजारी बसून वाचा. १९२५ सालचं हे भाषांतर पूर्णभद्र या जैन मुनीच्या ११९९ च्या संस्कृत पाठावरून केलेलं आहे, मुलांसाठी कापलेलं नाही. श्लोक यमकं जुळवून केलेत, ते मोठ्यानं वाचायला फार गोड लागतात. पण न्हाव्याच्या बायकोचं नाक कापलं जातं ती गोष्टही त्यात आहे. म्हणून सुरुवात दुसऱ्या तंत्रापासून, म्हणजे पाचांपैकी दुसऱ्या भागापासून, करा : जाळं कुरतडणारा हिरण्यक उंदीर, लघुपतनक कावळा, मंथरक आणि चित्रांग हरीण. नऊ वर्षांच्या मुलीला ही दोस्ती लगेच आवडेल.

पहिलं तंत्र नंतर घ्या. त्यात दमनक चहाड्या करून दोन मित्रांत वैर लावतो, सिंह बैलाला मारतो आणि दमनक प्रधान होऊन बसतो. भाची रडवेली झाली, “त्याला शिक्षाच नाही?” संस्कृतात नाही. पण आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फा या लेखकानं हे अरबीत नेलं तेव्हा दमनकावर, म्हणजे तिथल्या दिम्नावर, खटला चालवणारं एक प्रकरणच जोडलं. त्यात दिम्ना दोषी ठरतो आणि जिवाला मुकतो. हे सांगितल्यावरच ती झोपायला गेली.