अमेरिकेत सायकॉलॉजिस्ट खरंच औषधं लिहून देतात का? त्यासाठी काय शिकावं लागतं, आणि स्टुडंट असताना केलेल्या रिसर्चचा काही उपयोग होतो का?

तुम्ही एमए सायकॉलॉजीला आहात म्हणून आधीच सांगते, खरंय पण सगळीकडे नाही. न्यू मेक्सिकोने २००२ ला कायदा केला, मग २००४ ला लुइझियाना, पुढे इलिनॉय, आयोवा, आयडाहो आणि आत्ता आत्ता कोलोराडो, यूटा. बाकी बहुतेक राज्यांत नाही आणि भारतात तर नाहीच, २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आला तरी गोळी लिहायची ती सायकिअ‍ॅट्रिस्टने, म्हणजे मनोविकारांच्या डॉक्टरने, नाहीतर दुसऱ्या एखाद्या डॉक्टरनेच. मी न्यू मेक्सिकोत राहते, इथे खेड्यापाड्यात सायकिअ‍ॅट्रिस्टच मिळत नाहीत, अपॉइंटमेंटला महिनोन्‌महिने थांबावं लागतं, हा कायदा यायचं मोठं कारण तेच. त्याच्याही आधी, १९९१ पासून काही वर्षं अमेरिकन सैन्याने दहा सायकॉलॉजिस्टना हे शिकवून बघितलं होतं. डॉक्टर लोकांच्या संघटनांचा विरोध तेव्हाही होता आणि आजही आहे, आणि खरं सांगू का, त्यांचे सगळेच मुद्दे फालतू नाहीत, मेडिकल कॉलेजात चार वर्षं जे शरीर शिकतात ते आम्ही सायकॉलॉजिस्ट दोन वर्षांत उरकतो.

आता काय लागतं ते. आधी डॉक्टरेट, म्हणजे पीएचडी नाहीतर साय.डी. (सायकॉलॉजीचीच, पण प्रॅक्टिसवर भर असलेली डॉक्टरेट), त्यावर लायसन्स, मग क्लिनिकल सायकोफार्माकॉलॉजीची, म्हणजे मनाच्या आजारांवरच्या औषधांच्या शास्त्राची, वेगळी मास्टर्स, मग एक राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा, आणि आमच्याकडे किमान १०० पेशंट आणि ४०० तासांचं प्रॅक्टिकम, म्हणजे देखरेखीखाली प्रत्यक्ष पेशंट बघणं. एवढं करून पहिली दोन वर्षं एका डॉक्टरच्या देखरेखीखालीच लिहायचं. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, म्हणजे आता तू खरी डॉक्टर झालीस ना. नाही गं आई.

मला वाटलं होतं बायोकेमिस्ट्री जड जाईल, बारावीनंतर केमिस्ट्रीचं पुस्तक उघडलं नव्हतं. ती जमली रडतखडत. खरी फजिती झाली प्रॅक्टिकमला. एक पेशंट बरीच वर्षं क्लोझापिनवर (स्किझोफ्रेनियाचं औषध), स्थिर, काही कारणाने दोन आठवडे हॉस्पिटलात होता, तिथून आला तो नुसता पेंगलेला, तोंडातून लाळ, उशी भिजायची म्हणाला. मी आपली नेहमीसारखी घरचं टेन्शन, झोप, बहिणीशी भांडण असं सगळं विचारत बसले अर्धा तास, आणि माझ्यावर देखरेख करणाऱ्या डॉक्टरबाईंनी आत येऊन एकच विचारलं, सिगरेट किती ओढायचास? दिवसाला दीड पाकीट. आणि हॉस्पिटलात? शून्य, तिथे बंदीच. झालं. सिगरेटच्या धुराने लिव्हरमधलं सीवायपी १ए२ नावाचं एन्झाइम जोरात चालतं आणि क्लोझापिन लवकर संपवतं, धूर थांबला की काही दिवसांत ते एन्झाइम मंदावतं आणि गोळी तीच राहून रक्तातलं औषध मात्र वाढत जातं. डोस कमी केला आणि माणूस ताळ्यावर आला.

यातली गंमत म्हणजे हे काम निकोटिन करत नाही, धुरातली दुसरी द्रव्यं करतात. म्हणजे निफाडला माझा मामा चुना लावून तंबाखू मळतो त्याला हे लागू नाही, पण विडी ओढणाऱ्याला आहे. आपल्याकडच्या केस-पेपरवर नुसतं ‘तंबाखू: हो’ लिहितात, त्यातून काहीच कळत नाही.

रिसर्चचं विचारलंत ना, माझं पोस्टर, म्हणजे कॉन्फरन्सला मोठ्या कागदावर मांडतात तो छोटा रिसर्च, ह्याच फजितीतून निघालं. क्लिनिकच्या जुन्या फायली, परवानगी बिरवानगी काढून, पेशंटचं नाव-गाव काढून टाकून, एवढंच बघितलं की धूम्रपानाची नोंद आहे का, आणि हॉस्पिटलातून आल्यावर ती परत विचारली का. पहिली बऱ्याच जागी होती, दुसरी क्वचित. एवढाच निकाल, गाईडला आधी तो फारच किरकोळ वाटला होता. स्टुडंट पोस्टरमध्ये दुसरा नंबर आला, सर्टिफिकेट कुठल्या तरी ड्रॉवरमध्ये असेल, पण क्लिनिकच्या फॉर्ममध्ये दोन ओळी वाढल्या: ‘गेल्या महिन्यात ओढणं कमी-जास्त झालं का’ आणि ‘दुकानातून स्वतःच घेतलेल्या गोळ्या’. दुसरी ओळ कशाला, तर लिथियमवरचा (बायपोलरचं औषध) माणूस गुडघे दुखतात म्हणून आयबुप्रोफेन ही पेनकिलर घेत बसतो, किडनी लिथियम बाहेर टाकायला कमी पडते, रक्तातलं लिथियम वाढतं आणि हात थरथरायला लागतात, आणि आपल्याला वाटतं अँक्झायटी वाढली.

तर तुम्ही आत्ता काय करावं? अमेरिकेचं नंतर बघा, डॉक्टरेटसकट हा आठ-नऊ वर्षांचा रस्ता आहे आणि खर्चही भरपूर. पण डिसर्टेशनचा विषय अजून ठरला नसेल तर तुमच्या जवळच्या एखाद्या ओपीडीत परवानगी घेऊन बसा आणि पेशंट सांगितलेली गोळी खरंच कशी घेतो ते बघा, चहाबरोबर घेतो, अर्धी मोडून घेतो, बरं वाटलं की बंदच करतो. त्याला औषध लिहायचं लायसन्स लागत नाही. विषय नक्की झाला की इथेच खाली लिहा, प्रश्नावली बनवायला मदत करेन, फक्त रविवारी, इतर दिवशी मला जेवायला पण वेळ नसतो.