'पुअरली डिफरन्शिएटेड' म्हणजे विभाजन न झालेल्या पेशी?

सांगलीहून आलेला प्रश्न: मिरजेत केलेल्या बायॉप्सीच्या रिपोर्टवर 'पुअरली डिफरन्शिएटेड' असा शेरा होता. घरच्यांना 'पेशींचं विभाजन नीट झालेलं नाही' असं मराठीत सांगितलं. चालेल का?

नाही चालणार. अर्थ जवळपास उलटा होतो. ऐकणारा समजेल, विभाजनच नाही तर गाठ वाढायची कशी!

विभाजन म्हणजे एका पेशीच्या दोन होणं. आधी डीएनएची नक्कल होते. मग पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था या क्रमाने 46 गुणसूत्रांचा पूर्ण संच दोन्ही पेशींत जातो. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशीचं चक्र साधारण 24 तासांचं असतं, त्यात हे सूत्री विभाजन जेमतेम तासाभराचं.

डिफरन्शिएशनला पाठ्यपुस्तकी शब्द आहे विभेदन. 'लक्ष्यभेद'मुळे त्यातही फोडण्या-तोडण्याचा भास होतो, घोटाळा तिथेच आहे. इथला 'भेद' मात्र फरकाचा: पेशी आपापल्या कामाप्रमाणे वेगळी घडत जाते. डीएनए तोच राहतो, पण कोणती जनुकं चालू आणि कोणती बंद, हे पेशीगणिक बदलतं. त्वचेच्या तळच्या थरात पेशी विभागतात. तिथून वर सरकताना त्यांच्यात केराटिन (केसा-नखांतलं टणक प्रथिन) भरत जातं आणि सुमारे महिन्याभरात त्या गळून पडतात. तांबडी पेशी तर घडता घडता केंद्रकच टाकून देते, त्यामुळे तिचं पुढे विभाजन होणं शक्यच नसतं. तरी 'विभेदन झालं की विभाजन थांबलं' असा सरसकट नियम करू नये. यकृताच्या पेशी पूर्ण घडलेल्या असूनही गरज पडली की विभागतात.

रिपोर्टमधला शेरा गाठीतल्या पेशी मूळच्या निरोगी पेशींशी किती मिळत्याजुळत्या आहेत, ते सांगतो. तोंडाच्या स्क्वेमस (चपट्या पेशींच्या) कॅन्सरमध्ये 'वेल डिफरन्शिएटेड' असेल तर स्लाइडवर केराटिनचे गोल पुंजके दिसतात. 'पुअरली'मध्ये ते क्वचितच सापडतात आणि पेशी कुठल्या जातीच्या हे ओळखणंच अवघड होतं. अशा पेशी बहुधा वेगाने विभागतात. विभाजनाची नोंद रिपोर्टवर वेगळी असते: 'मायटोसिस' (सूत्री विभाजन) किंवा 'केआय-67' (विभागणाऱ्या पेशींत सापडणारं प्रथिन) या शब्दांपुढे पाहा.

घरच्यांशी बोलताना 'विभेदन'ही नको, ते कुणाला कळणार? 'पेशींनी मूळचं रूप बरंच सोडलंय, ग्रेड वरची आहे' असं सांगावं. ग्रेड म्हणजे स्टेज नव्हे, हेही लगेच जोडावं. गाठ केवढी आणि कुठवर पसरली, ते स्टेजवरून कळतं. 'पुअरली' शेऱ्याची गाठ पहिल्या स्टेजचीही असू शकते.